स्वप्न कागदावर उतरवताना

पहाटेची स्वप्नं जास्त हाती लागतात. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं आणि त्यातला स्वप्नांचा टप्पा रात्र सरत जाईल तसा लांबत जातो. म्हणून उशाशी छोटी वही आणि मऊ, गडद उमटणारी 4बी पेन्सिल ठेवा. बॉलपेन नको, उताणं पडून लिहिताना शाई उतरत नाही. जाग आली की कूस बदलू नका, मोबाईलला तर हातच लावू नका. डोळे मिटून शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे मागे जा. आधी काडेपेटीएवढं रेखाटन, मग शब्द: उजेड कुठून येत होता, रंग कोणते, काय जागेवर नव्हतं.

खरा घोटाळा दिवसा होतो, हात आपोआप चित्र 'सुधारायला' लागतो. कोल्हापूरच्या रंकाळा तलावातली म्हैस तिथल्या संध्यामठाच्या वास्तूपेक्षा मोठी दिसली असेल, तर तेवढीच काढा. प्रमाण नीट केलंत की उरतं नुसतं रंकाळ्याचं निसर्गचित्र, आणि ते कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान केव्हाच करून गेलेत!

जलरंगाला 300 जीएसएमचा, म्हणजे जाड कागद घ्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, लवकर सुकत नाही. ओल्यावर दुसरा दिलात तर रंग गढूळ होतो.

स्वप्नं आठवतच नसतील तर स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची युक्ती वापरा. दुपारी हाताच्या खुर्चीत बसायचं, चिमटीत जड किल्ली, खाली उपडं ताट. डोळा लागताच किल्ली पडते, आवाजानं जाग येते, दिसलेलं लगेच काढायचं. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून मात्र बसू नका. किल्ली पडेल, जाग येणार नाही.