कापड चढवण्याआधी: नट-बोल्टवर जुळणाऱ्या सोफ्याची तयारी

सोफ्याचे हात, पाठ आणि बैठक वेगवेगळी मढवून शेवटी नट-बोल्टने जोडायची असतील, तर तयारीचा मोठा भाग कापडाला कात्री लागायच्या आधीच उरकायचा असतो. मढवून झालं की नट आत राहतो आणि बाहेरून नुसतं भोक दिसतं. तो नट आत गरगरायला लागला तर तळाचं काळं कापड उसवून, पिना उपटून आत हात घालावा लागतो. हाताच्या आतल्या बाजूचा नट असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, बाहेरची मढवणी सोडवावी लागते. म्हणून सांगाडा उघडा असतानाच प्रत्येक सांध्याला विचारायचं: नंतर माझा पाना इथे पोचेल का? जिथे पोचणार नाही, तिथलं काम आत्ताच पक्कं करायचं.

आधी बोल्ट आणि टी-नट (लाकडात ठोकायचा नट, एका टोकाला दात असलेला पत्रा आणि मध्ये आट्यांची नळी) टेबलावर मांडा आणि प्रत्येक जोडी हाताने फिरवून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. दुकानात अडीच सुती आणि एम८ बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून अडीच सुती बोल्टची जाडी ७.९४ मि.मी., आणि मेट्रिक मापाच्या एम८ ची ८. फरक आट्यांमध्ये आहे. एम८ च्या नेहमीच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मि.मी. असतं, तर अडीच सुती बोल्टला इंचात १८ आटे, म्हणजे साधारण १.४१ मि.मी. अंतर. चुकीची जोडी एक-दोन फेरे छान जाते आणि मग अडते. कारागिराला वाटतं बोल्ट घट्ट बसतोय, तो पान्याला जोर लावतो, आणि लाकडात रुतलेले टी-नटाचे दात सुटून नट जागच्या जागी फिरू लागतो. चांगली जोडी शेवटपर्यंत दोन बोटांनी फिरते. ज्या नटात बोल्ट अडतो तो बाजूला टाका, तेल घालून चालवून घेऊ नका.

एलन बोल्ट, म्हणजे माथ्यात षटकोनी खाच असलेले बोल्ट, वापरणार असाल तर चाव्याही आताच तपासा. एम८ च्या उंच गोल माथ्याला ६ ची चावी लागते, चपट्या घुमटी माथ्याला ५ ची. एम६ ला तेच अनुक्रमे ५ आणि ४. झिजलेल्या टोकाची चावी माथ्यातला षटकोन खाऊन टाकते, आणि असा बोल्ट मढवलेल्या सोफ्यातून काढणं फार त्रासाचं असतं. चावीचं टोक झिजलं असेल तर नवी घ्या.

बोल्टची लांबी कागदावर मांडून ठरवा. समजा बोल्ट बैठकीच्या आतून घालायचा आहे आणि टी-नट हाताच्या फळीच्या पलीकडच्या तोंडावर आहे. वॉशर २ मि.मी., बैठकीची फळी १८, दोन्हीकडच्या कापडाचे दोन थर मिळून २, हाताची फळी १८. बेरीज ४०. टी-नटाची नळी ११ मि.मी. लांब असेल तर ती या चाळिसातल्या शेवटच्या ११ मध्ये येते. म्हणजे ३५ चा बोल्ट आणला तर नटात जेमतेम ६ मि.मी. पकड मिळेल. बोल्टच्या जाडीइतकी, म्हणजे एम८ ला निदान ८ मि.मी. पकड हवीच. ४० चा बोल्ट बरोबर, ४५ चाही चालेल, पण मग पुढे आलेलं टोक हाताच्या बाहेरच्या अस्तराला किंवा फोमला टेकत नाही ना, ते बघा. कापड जाड मखमलीचं असेल तर २ ऐवजी ३-४ मि.मी. धरा. वॉशर मोठं घ्या. एम८ साठी २४ मि.मी. व्यासाचं रुंद वॉशर मिळतं, प्लायवर तेच योग्य. लहान वॉशर लाकडात रुतत जातं आणि त्याच्याबरोबर सांधाही सैल होत जातो.

आता भोकं. हात आणि बैठक जागेवर धरून शिकंज्यात घट्ट आवळा, गुण्या लावून काटकोन बघा, आणि दोन्ही फळ्यांतून एकदमच ३ मि.मी. चं वाटेचं भोक पाडा. वेगवेगळं मोजून पाडलेली भोकं क्वचितच जुळतात. मग फळ्या सोडवून बोल्टच्या बाजूचं भोक ९ पर्यंत मोठं करा आणि नटाच्या बाजूचं नळीच्या मापाने. बऱ्याच एम८ टी-नटांची नळी १० च्या आसपास असते, तरी कॅलिपर लावूनच बिट निवडा. सगळे बोल्ट एका आडव्या रेषेत ठेवू नका. हाताला रेटा बसला की तो त्या रेषेभोवती बाहेर झुकतो. एक बोल्ट खाली किंवा वर घेऊन त्रिकोण केला की हात जागचा हलत नाही.

टी-नट नेहमी बोल्ट जिथून शिरतो त्याच्या विरुद्ध तोंडावर बसवायचा, म्हणजे आवळताना त्याचे दात लाकडात आणखी ओढले जातात. बोल्टच्याच बाजूला बसवला तर प्रत्येक पिळ्याबरोबर तो लाकडातून उपटला जातो. नुसता हातोडीने ठोकून सोडू नका, कारण ठोकताना तो तिरका बसतो. दोन हलके घाव घालून दात टेकवा, मग पलीकडून बोल्ट आणि मोठं वॉशर लावून पान्याने ओढून घ्या. पत्रा लाकडाला सपाट टेकेपर्यंत ओढा. प्लायच्या काठापासून दोन बोटं आत राहा, नाहीतर थर फुटतात. पार्टिकल बोर्डात दात धरतच नाहीत, भुगा होतो. तिथे पत्र्याला भोकं असलेला, स्क्रूने पक्का होणारा टी-नट घ्या. त्याहून चांगलं म्हणजे त्या जागी आतून लाकडी ठोकळा चिकटवून घ्या. कॅम-लॉक, म्हणजे अर्धा फेरा फिरवून अडकणारी खिटी, कपाटासाठी ठीक आहे, पण माणसांच्या वजनाने रोज हलणाऱ्या सांध्यात मी तो वापरायला सांगणार नाही.

पायांचं काम त्या मानाने सोपं. लाकडी पायात हँगर बोल्ट बसवायचा, ज्याची एक बाजू स्क्रूसारखी आणि दुसरी बोल्टसारखी असते. बोल्टच्या बाजूला दोन नट एकमेकांवर आवळून पान्याने तो लाकडात फिरवायचा, मग नट काढून घ्यायचे. पक्कडीने धरलात तर आटे चेपतात. तुकड्यांचा सोफा असेल आणि तुकडे पत्र्याच्या क्लिपने एकमेकांत अडकवायचे असतील, तर क्लिप जिथे येईल तिथे आतून भरीव लाकूड आहे ना हेही आत्ताच बघा. क्लिप शेवटी कापडावरून लागते, पण तिचा स्क्रू पोकळीत गेला तर काही उपयोग नाही.

हे झालं की बिनकापडाचा सोफा पूर्ण जोडा. कर्ण मोजा, सपाट जमिनीवर ठेवा, बसा, हातावर जोर द्या. पाठ दोन हातांच्या मध्ये सरकून बसणारी असेल, तर ज्या कापडाने मढवणार त्याचेच दुमडलेले तुकडे फटीत घालून बघा. उघड्या लाकडावर घट्ट बसणारी पाठ मढवल्यावर आत जाणार नाही. नंतर सोडवताना प्रत्येक भागावर खूण करा, डावा हात, उजवा हात, वर, खाली, आणि ती खूण मढवल्यावरही खालून दिसेल अशा जागी करा.

मढवण्याची तयारी करताना सांध्याच्या प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीने चौकोन आखा आणि त्यात फोम नको असं लिहा. सांध्यात फोम राहिला की पहिल्या दिवशी बोल्ट घट्ट लागतो, मग फोम दबत जातो आणि हात डुगडुगायला लागतो. कितीही आवळलं तरी तेच. सांध्याच्या तोंडावर फक्त कापड असावं, तेही एकसारखं पसरलेलं. शिवण, दुमड आणि पिनांचे माथे तिथे येऊ देऊ नका.

आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे आट्यांच्या सळईचे तुकडे. प्रत्येक टी-नटात बोल्ट शिरतो त्या बाजूने असा एक तुकडा फिरवून ठेवायचा, बोटभर बाहेर राहील एवढा, टोक घासून गोल केलेला. फोमच्या डिंकाचा फवारा मारताना आटे बुजत नाहीत. कापड ओढून घेतलं की टोक आतून वर येतं आणि भोक नेमकं कुठे आहे ते बोटाला लगेच लागतं. तिथे टोच्याने विणीचे धागे बाजूला सारायचे, सळईचं टोक कापडातून वर आणायचं आणि मग कापड ताणून पिना मारायच्या. रेक्झिन किंवा चामड्याला पंचने गोल भोक पाडा, कारण ब्लेडने मारलेली चीर ताण आला की पुढे फाटत जाते. कापडावरून ड्रिल कधीच चालवू नका. बिट एक धागा पकडतं, तो क्षणात गुंडाळला जातो आणि सोफ्याच्या दर्शनी भागावर लांब ओरखडा उमटतो. तो दुरुस्त होत नाही, पूर्ण तुकडा बदलावा लागतो.

तळाचं काळं कापड लावण्याआधी सळया काढा आणि प्रत्येक नटात खरा बोल्ट एकदा पूर्ण फिरवून बघा. तो अडला तर दुरुस्तीची ही शेवटची सोपी वेळ. पान्याने पोचायच्या जागी तळाचं कापड पिनांऐवजी वेल्क्रोने लावलं तर पुढचं काम हलकं होतं.

अंतिम जुळणीच्या दिवशी जमिनीवर जाड चादर हवी, धरायला दुसरा माणूस हवा, आणि ड्रिल मशीन लांब ठेवलेलं हवं, ते वापरायचं नाही. सगळे बोल्ट हाताने दोन-तीन फेरे लागेपर्यंत एकही आवळायचा नाही, मग आलटून-पालटून थोडे थोडे घट्ट करायचे. सोफा दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर एका पिशवीत एलन चावी, दोन जास्तीचे बोल्ट आणि वॉशर घालून ती बैठकीखाली बांधा. सोबत चिठ्ठी ठेवा: महिनाभर वापरल्यावर सगळे बोल्ट एकदा आवळून घ्यावेत. लाकूड आणि कापड पहिल्या काही आठवड्यांतच बसतं, आणि तेव्हा दिलेला अर्धा पिळा सांध्याला बराच काळ पुरतो.