मागूर माशाचे जिरे (इवली पिल्ले) वाढवताना

देशी मागूरची पिल्ले अंड्यातून बाहेर आली की लगेच खाद्य टाकू नका. पोटाखालची पिवळी अन्नपिशवी 3-4 दिवस पुरते. ती जिरत आली की आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची ताजी पिल्ले किंवा बारीक जाळीतून गाळलेले प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) द्या; कोरडी भुकटी नंतर. खाद्य थोडे-थोडे, पण दिवसातून अनेकदा. रात्रीचे चुकवू नका, हा मासा मुळात निशाचर. उरलेले खाद्य रोज नळीने ओढून काढा, नाहीतर अमोनिया वाढून एका रात्रीत टाकी रिकामी! पाणी वीतभरापेक्षा कमीच ठेवा, कारण दहा-बारा दिवसांनी पिल्ले हवा घ्यायला वर येऊ लागतात. आणि मोठी पिल्ले वेळीच वेगळी करा, ती धाकट्यांना गिळतात.