स्फिंक्स मांजराच्या कातडीवर डाग? मलम लावण्याआधी या चुका टाळा

केसाळ मांजराच्या अंगावर महिनोन्‌महिने लपून राहील असा डाग बिनकेसांच्या स्फिंक्स जातीच्या मांजराच्या अंगावर पहिल्याच दिवशी डोळ्यात भरतो. मग जीव घाबरतो आणि संध्याकाळपर्यंत त्यावर घरातलं काहीतरी चोळलेलं असतं. ही घाईच नडते. डाग दिसला की आधी एवढंच बघा: रंग कातडीवर बसलाय की कातडीत उतरलाय?

कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस डागावरून हळूच फिरवा. कापसाला तपकिरी, तेलकट थर लागला तर ते साचलेलं तेल आहे. कातडी सगळ्याच मांजरांची तेल सोडते, पण केस असले की ते केसांवर पसरतं. स्फिंक्सच्या अंगावर ते तसंच राहतं आणि नखांच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत, मानेच्या वळ्यांत, शेपटीच्या बुडाशी काळपट होतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी मांजरांच्या सौम्य शाम्पूने अंघोळ घातली की बहुतेकांचं भागतं. इथली नेहमीची चूक म्हणजे रोज खसाखसा घासणं. त्याने कातडी कोरडी पडून चिडते. पुटाला आंबूस वास असेल, खाली लाली आणि खाज असेल, तर मॅलॅसेझिया नावाची बुरशी वाढलेली असू शकते. तिथे नुसती अंघोळ पुरत नाही, पशुवैद्याला दाखवा.

हनुवटीवर काळे बारीक ठिपके आले तर ते दाबून फोडू नका. प्लास्टिकची वाटी काढून स्टीलची ठेवा आणि ती रोज धुवा.

आता न पुसले जाणारे डाग. नारिंगी रंगाच्या मांजरांच्या ओठांवर, नाकावर, पापण्यांवर वयाबरोबर सपाट काळे ठिपके येतात. ते निरुपद्रवी असतात, त्यांना काहीही लावू नका. ठिपका उंच झाला किंवा त्यातून रक्त आलं, तर मात्र तपासणी हवी. तांबूस-तपकिरी, खाजरे चट्टे ही वेगळी गोष्ट. ते गजकर्ण असेल, अ‍ॅलर्जी असेल, किंवा स्फिंक्स आणि डेव्हन रेक्स जातींत दिसणारा अर्टिकेरिया पिगमेंटोसा हा कातडीचा आजार. नुसतं बघून यातलं नेमकं काय ते ठरत नाही; कातडी खरवडून, कधी छोटा तुकडा काढून तपासावी लागते.

म्हणूनच मला सर्वात जास्त काळजी वाटते ती घरच्या मलमांची. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या खाजेच्या मलमांत बरेचदा स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते आणि गजकर्ण आतल्या आत पसरतं. ते माणसांनाही लागतं. शिवाय मांजर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. टी ट्री तेल तर मांजराला विषारीच. हळदीचा लेपही नको: अंग पिवळं दिसू लागलं की कावीळ झाली तरी चटकन ओळखू येत नाही.

उन्हात बसून कातडी गडद होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण गुलाबी-पांढरी कातडी भाजते, आणि अशा मांजरांच्या कानांवर, नाकावर पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. दुपारी खिडकीला पडदा लावा. माणसांचं सनस्क्रीन नको. त्यातलं झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट चाटल्यावर बाधतं.

काही रंगांसाठी मात्र सकाळची वाट बघायची नसते. हिरड्या आणि डोळे पिवळे झाले. हिरड्या निळसर-जांभळ्या पडून मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं (या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो). किंवा काचेच्या ग्लासने दाबूनही न फिकटणारे जांभळे ठिपके उठले, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

इतर डागांचे फोटो दिवसाच्या उजेडात, रोज त्याच जागी काढा. दवाखान्यात जाण्याआधी तेल, पावडर, मलम काही लावू नका. कातडीचा नमुना बिघडतो.