मसाई माराच्या छोट्या विमानासाठी बॅग भरताना

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मसाई मारा या केनियातल्या अभयारण्याला जाणाऱ्या छोट्या विमानांत बहुधा हातातल्या सामानासकट माणशी 15 किलोच चालतात. वजनाइतकाच आकारही अडतो. सामानाचा कप्पा अरुंद असतो, त्यात कडक कवचाची चाकांची बॅग शिरत नाही. दाबली की चेपणारी कापडी डफल बॅगच घ्या. कपडे कापडी पिशव्यांत भरा. केनियात प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर 2017 पासून बंदी आहे.

ट्रायपॉड मात्र घरीच ठेवा. जीपमध्ये तो उभा करायला जागा नसते आणि शेजारचा नुसता वळला तरी गाडी डुलते. त्यापेक्षा कॅमेरा टेकवायला घट्ट विणीच्या कापडाची, चेनवाली पिशवी रिकामी न्या आणि कॅम्पवर पोचल्यावर तिथल्या स्वयंपाकघरातून दोनेक किलो तांदूळ किंवा राजमा मागून घ्या. आधी कळवलंत तर उत्तम. पिशवी पाऊणच भरा. गच्च भरली की ती दगडासारखी होते, लेन्स वरून घरंगळते. थोडी सैल असली की दाण्यांत खळगा पडून लेन्स नीट बसते. पिशवी खिडकीच्या कडेवर किंवा उघड्या छताच्या काठावर ठेवा आणि फोटोआधी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. त्या थरथरीने दूरच्या चित्त्याचे ठिपके हमखास पुसट येतात.