पिल्लू घरी आणायच्या आधी

सांगलीत विश्रामबागला आमच्या दोनच खोल्या. तरी गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरची कुत्र्याची चार पिल्लं सांभाळली, त्यातली तीन चांगल्या घरी गेली. चौथं पार्व्होने, म्हणजे कुत्र्यांच्या उलट्या-जुलाबाच्या संसर्गजन्य रोगाने गेलं, म्हणून हे सांगतेय.

पहिले १४ दिवस पिल्लू घरच्या कुत्र्यापासून वेगळं ठेवा. आमच्याकडे न्हाणीघर होतं, तेवढं पुरतं. पार्व्होचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो, नुसत्या फिनेलने मरत नाही. आधी घाण साफ करा, मग ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून पुसा आणि १० मिनिटं ओलं राहू द्या. गाईच्या दुधाने जुलाब होतात. खाऊ लागलेल्या पिल्लाला मऊ भात, उकडलेलं चिकन द्या, मीठमसाला नको. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर, रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट बघू नका. मी बघितली होती.

ठेवणं जमत नसेल तर भटक्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या संस्थेला पैसे द्या, थोडे पण दर महिन्याला. लशींचा हिशेब त्यावरच बसतो. पावती घ्या. २,००० रुपयांहून जास्त रोख दिलेत तर देणगीवरची आयकर सूट मिळत नाही. आणि जुन्या चादरी, रद्दी फेकू नका, संस्थेला द्या. पावसाळ्यात पिल्लांखाली कोरडं काही टाकायला रोज लागतं.