झोपाळ्यावर बसून बीपी मोजू नका

गणपतीला येणारा मुंबईकर मुलगा हल्ली पेढ्यांसोबत बीपीचं मशीनही आणतो. मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं, घोळ होतो तो मोजताना.

रत्नागिरी-गुहागरकडे कितीतरी घरं पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वर. माणूस बाजाराची पिशवी घेऊन पाखाडी चढतो, ओटीवरच्या झोपाळ्यावर टेकतो आणि लगेच दंडाला पट्टा गुंडाळतो. पाय अधांतरी, पाठीला टेकू नाही, हात मांडीवर, वर शेजारच्या काकूंशी गप्पा. मग मशीन १६० दाखवतं आणि घरात धावाधाव! भिंतीला लावलेल्या खुर्चीत बसा, पावलं जमिनीवर टेकवा, पाच मिनिटं अगदी गप्प. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. आधी लघवीला जाऊन या. चहा किंवा विडी झाली असेल तर अर्धा तास थांबा.

वेळेचंही तसंच. पेज झाली, गोळी झाली, मग दहाला सवडीने मोजलं तर कालची गोळी आज सकाळपर्यंत पुरली का, हे डॉक्टरांना कसं कळणार? सकाळी गोळी-न्याहारीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. ती घरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी जास्त. दवाखान्यातली १४०/९० ची रेघ इथे लावू नका.

माझ्या मते सगळ्यात वाईट खोड म्हणजे वहीत फक्त चांगले आकडे उतरवणं. डॉक्टर गोळी ठरवतात त्या वहीवरून! आदल्या रात्री सुकट नाहीतर खारा बांगडा झाला असेल तर तेही लिहा. मात्र घाबरून तासातासाला मोजू नका, धास्तीनेही बीपी चढतं.

१८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर वाट न बघता १०८ लावा.

घरचे आणि दवाखान्यातले आकडे जुळतच नसतील तर डॉक्टर चोवीस तासांचं मशीन लावतात. पट्टा फुगला की हात सैल, स्थिर ठेवा आणि रात्री ‘झोप मोडते’ म्हणून काढू नका. झोपेत बीपी उतरतं की नाही, हेच तर त्यात बघायचं असतं.