गिगच्या वहीतून वर्षाचा हिशेब कसा मांडावा

डिसेंबर आला की स्ट्रीमिंग कंपन्या कलाकाराच्या हाती आकड्यांचे एक रंगीत चित्र ठेवतात आणि आपण ते कौतुकाने सर्वांना दाखवतो. परंतु वर्षभर मुंबई-पुण्यातील लहान, बंदिस्त खोल्यांत वाजवणाऱ्या बँडचे वर्ष कसे गेले, हे त्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी शंभर पानी वही पुरते. मात्र ती वर्षाच्या पहिल्या गिगपासून, म्हणजे प्रेक्षकांसमोरच्या पहिल्या कार्यक्रमापासून, लिहावी लागते.

नोंद त्याच रात्री करावी. मी ती परतीच्या लोकलमध्ये, लगेजच्या डब्यात गिटारची बॅग गुडघ्यांत धरून करतो, कारण सकाळ झाली की प्रत्येक गिग होता त्याहून चांगला तरी वाटू लागतो किंवा वाईट तरी. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष सुरुवात, साउंडचेक, म्हणजे सुरुवातीआधी आवाज तपासून घ्यायला वेळ, मिळाला की नाही, गाण्यांचा क्रम, आणि तिसऱ्या गाण्याच्या वेळी समोर उभी असलेली माणसे, एवढे लिहिले तरी पुरते. तिसरेच गाणे का, तर पहिले कुतूहलापोटी ऐकले जाते आणि दुसऱ्यात लोक निघून जाण्याची सोयीची वेळ शोधत असतात. मोजताना त्या रात्रीच्या इतर बँडची मंडळी, आपले मित्र आणि आपल्याकडे पाठ करून बारवर बसलेले लोक वगळावेत. गेल्या वर्षी ठाण्यातील एका भरगच्च गिगमध्ये ही वजाबाकी केल्यावर माझ्या हाती ४ माणसे उरली, आणि ज्या अर्ध्या रिकाम्या खोलीमुळे आम्ही ‘आता पुण्याला पुन्हा जायचे नाही’ असे ठरवून परतलो होतो, तिथे १९. पुढच्या वर्षाचे प्रवास आम्ही या दुसऱ्या आकड्यावरून आखले.

प्रत्येक सेट, म्हणजे त्या रात्री आपण सलग वाजवलेली गाणी, खोलीच्या मागच्या भिंतीपाशी ठेवलेल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि निदान महिनाभर ऐकू नये. त्यानंतर ऐकताना गाण्यांपेक्षा गाण्यांमधल्या जागांवर घड्याळ लावावे. आमच्या ३० मिनिटांच्या सेटमधील जवळजवळ ६ मिनिटे सूर जुळवण्यात आणि अकारण विनोद करण्यात जात होती. एकाच ट्यूनिंगची गाणी लागोपाठ घेतल्यावर ती दीडवर आली. (विनोद अजून थांबलेले नाहीत, तो विषय ड्रमरशी बोलण्याचा आहे.)

पैशांच्या पानावर सरावाच्या जॅमरूमचे तासाचे भाडे, गिटारच्या तारा, ड्रमच्या काठ्या, टॅक्सी आणि गिगनंतरचे जेवणही लिहावे. हे जेवण कुणीच खर्चात धरत नाही आणि वर्षाअखेरीस तेच सर्वांत जास्त भरते. हिशेब ३१ मार्चला बंद केलेला सोयीचा, कारण मानधनातून कापलेला कर आपल्या पॅनवर खरोखर जमा झाला आहे का, हे त्याच आर्थिक वर्षाशी ताडून पाहता येते. एका आयोजकाने आमचे मानधन सहा महिने ‘पुढच्या आठवड्यात’ ठेवले आणि शेवटी फोन उचलणेच सोडले. व्यवहार तोंडी होता, म्हणून दाखवण्यासारखे आमच्याजवळ काहीच नव्हते. तेव्हापासून अर्धी रक्कम आगाऊ घ्यायची आणि बाकीच्या अटी निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायच्या, असा आमचा नियम आहे.

ध्वनिमुद्रणांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. आमच्या पाचपैकी तीन गाण्यांचे उत्पन्न त्यामुळे शून्य आहे. कलाकाराला थेट श्रोत्यांना संगीत विकू देणारे बँडकॅम्प हे संकेतस्थळ डिजिटल विक्रीतून १५ टक्के आणि टी-शर्ट, कॅसेट यांसारख्या वस्तूंच्या विक्रीतून १० टक्के घेते, म्हणजे तिथे एका श्रोत्याने विकत घेतलेला अल्बम आमच्यासारख्यांना कित्येक महिन्यांच्या स्ट्रीमिंगहून अधिक देऊन जातो. गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणारा वितरक बदलायचा असेल तर प्रत्येक गाण्याचा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची आंतरराष्ट्रीय ओळख) वहीत उतरवून ठेवावा आणि नव्या ठिकाणी तोच द्यावा. नवा क्रमांक घेतल्यास जुन्या ऐकण्यांचा आकडा नव्या गाण्याच्या खात्यात येईलच असे नाही. याखेरीज, वितरक पाठवतो तो पैसा ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांची रॉयल्टी निराळी असून ती गोळा करण्यासाठी गीतकार-संगीतकाराने आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हावे लागते. कोणत्या गाण्यात कुणाचा किती वाटा, हे बँडमध्ये गोडी असतानाच लिहून सह्या कराव्यात.

शेवटची पाने जागांसाठी ठेवावीत. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव मुंबईतील ज्या धोबी तलावच्या रंगभवनात गाजला, ते मोकळे नाट्यगृह शांतता क्षेत्रात येत असल्यामुळे मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना मुकले. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांचे वर्ष बंद खोल्यांवरच अवलंबून असते, आणि या खोल्या न सांगता बंद होतात. म्हणून जागेच्या नावासमोर बॅकलाइनमध्ये (जागेकडून मिळणाऱ्या अँप्लिफायर, ड्रम यांसारख्या सामानात) काय मिळाले, ड्रमकिट कोणत्या अवस्थेत होते, साउंड इंजिनिअर शेवटपर्यंत थांबला का आणि सामान किती जिने चढवावे लागले, हे लिहावे. जागा बंद झाली तर नाव न खोडता समोर तारीख टाकावी. माझ्या वहीत यंदा अशा दोन तारखा आहेत, आणि त्यांतल्या एका ठिकाणचा इंजिनिअर आता दुसऱ्या खोलीत काम करतो. एप्रिलमधला पहिला गिग आम्ही तिथेच ठरवला आहे.